बलात्काराच्या कथेतील मुलीने शेवटी विहीरच का जवळ करावी?

संपादन_सहायक (प्रश्न)

नमस्कार. एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादनात मी गेली चार वर्षे मदत करते. यंदा आलेल्या कथांपैकी एक ऊसतोड कामगारांच्या फडावरची आहे. लेखकांना तो परिसर आतून माहीत आहे. पहाटे कोपीबाहेर, म्हणजे फडावरच्या झोपडीबाहेर, पेटणारी चूल, उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीचा, न फिटणारा हिशेब, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई, हे सारे वाचताना मी जणू तिथेच उभी होते. उचल देऊन मजुरांची टोळी आणणारा मुकादम चौदा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करतो, त्या प्रसंगाला मात्र त्यांनी जवळजवळ दोन पाने दिली आहेत आणि त्या दोन पानांत मुकादम कुठेच दिसत नाही. दिसते ते फक्त मुलीचे शरीर, फाटलेले पोलके आणि फुटलेल्या बांगड्या. पुढच्याच पानावर ती विहीर जवळ करते आणि कथा संपते.

मी फोन केला तेव्हा “वास्तव असेच असते” असे लेखक म्हणाले. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. तरीही कथा मला खटकते आहे आणि नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. प्रसंग गाळायला सांगितले तर मीच हिंसेवर पांघरूण घालते असे होईल का? आणि अशा मुलीला आपल्या कथांतून, चित्रपटांतून विहीर, नदी नाहीतर वेड यांखेरीज दुसरी वाट का मिळत नाही?

नागपूरची_वकील

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला एका खटल्यात सापडते. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात, तक्रारीच्या चौकशीसाठी आणलेल्या एका आदिवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच अत्याचार झाला. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी ती मुलगी चौदा ते सोळा वर्षांची होती. खटला तिच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव मुद्दामच लिहीत नाही. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले, तिला खोटारडी म्हटले आणि तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे निकालात नोंदवले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोघांनाही दोषी ठरवले. भीतीने निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालात स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये तो निकाल फिरवला, आणि त्यामागच्या कारणांत एक मोठे कारण असे की तिच्या अंगावर जखमा नव्हत्या.

रात्रीची वेळ, आतून बंद केलेले ठाणे, वर्दीतला पुरुष आणि बाहेर थांबलेले नातेवाईक, एवढे सगळे समोर असताना न्यायालयाने शोधले ते ओरखडे. आपल्याकडे आलेली कथाही वाचकाला ओरखडेच दाखवते. ज्या समाजाला जखमी किंवा मेलेलीच मुलगी खरी वाटते, त्याच्या साहित्यात विहीर येणारच. कारण विहिरीने तिची साक्ष पुरी होते, मग तिला कुणी उलटे प्रश्न विचारू शकत नाही. देसाईगंजची मुलगी मात्र मेली नाही. ती कोर्टात उभी राहिली, तिने साक्ष दिली आणि म्हणूनच ती खोटी ठरली.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर संमती नव्हती असे तिने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद आली. पीडितेची ओळख छापणे हाही तेव्हापासून गुन्हा झाला. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवून साक्ष खोडून काढण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम जायला मात्र २००३ साल उजाडले.

मुद्रितशोधक

मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करत होतो, म्हणून शब्दांपुरते बोलतो. “अब्रू लुटली” या वाक्यात चोरी झाली आहे, आणि चोरीला गेलेली वस्तू घराण्याची आहे. “शील भ्रष्ट झाले”, “पोरगी नासली”, “तिला तोंड दाखवायला जागा उरली नाही” ही त्याच कुळातली वाक्ये. कर्ता प्रत्येकातून निसटलेला आहे. “तिच्यावर बलात्कार झाला” हे वाक्य त्या मानाने बरे वाटते, पण तेही पाऊस झाला, अपघात झाला अशा चालीवर जाते. मी प्रुफात “त्याने बलात्कार केला” अशी दुरुस्ती करत असे आणि उपसंपादक ती पुष्कळदा मागे फिरवत. आरोप शाबीत झालेला नसताना तसे लिहिता येत नाही, हे त्यांचे म्हणणे बातमीपुरते रास्तच होते. कथेला ती अडचण नाही, तिथे लेखकाला सगळे ठाऊक असते.

“चॉकलेटचे आमिष दाखवून”, “एकतर्फी प्रेमातून” हे ठोकळे तर हातातून आपोआप उतरतात. ज्याने धमकावले, पाठलाग केला, त्याच्या कृत्याला आपण मथळ्यात प्रेम म्हणतो. “नराधम” हा शब्दही मला आता नकोसा झाला आहे. शब्द संतापातून येतो हे खरे, पण तो वाचल्यावर डोळ्यांसमोर कुणी अक्राळविक्राळ परका उभा राहतो, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत तर वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच निघतो. आपल्या कथेतला मुकादमही घरचाच आहे, उचल देणारा आणि लग्नकार्यात पंगतीला बसणारा. तो तसाच दिसला पाहिजे.

मराठीची_शिक्षिका

विहीर आपल्याकडे नवी नाही, तिच्या आधी शिळा होती. वाल्मीकी रामायणातच अहल्येच्या दोन कथा आहेत. बालकांडात ती इंद्राला ओळखून रुकार देते, तर उत्तरकांडात इंद्राने पतीचे रूप घेऊन आपल्याला फसवले असे ती स्वतः सांगते. बालकांडातल्या शापातही ती शिळा होत नाही. ती वारा भक्षून, राखेत पडून, कुणाला न दिसता राहते. शिळा झालेली अहल्या पुढच्या परंपरेने घडवली आणि आपण तीच ध्यानात ठेवली. वर्गात मी दोन्ही कथा सांगते. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, मग इंद्राचं काय झालं?” त्यालाही शाप मिळाला, पण तो देवांचा राजाच राहिला, असे मी सांगितले तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता.

बीडची_कार्यकर्ती

वरचे सगळे मान्य आहे, पण एक भीती बोलून दाखवते. संयमाच्या नावाखाली प्रसंग इतका पुसट करू नका की झाले काय ते वाचकाला कळूच नये. आमच्याकडे गप्प बसण्याने मुकादमाचेच फावते. फडावर तरण्या मुलीला नेता येत नाही आणि गावात एकटी ठेवता येत नाही, म्हणून आईबाप तिचे पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न उरकतात. या भीतीवर कथा कुणी लिहीत नाही, कारण तिच्यात फाटलेले पोलके नसते.

लेखकांना विचारा की दुसऱ्या दिवशी पहाटे काय होते. टोळीला तोड चुकत नाही आणि उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आईला कळले असेल, तर ती त्याच मुकादमाकडून कोयता घेते का? बापाला सांगते का? मुलगी मोळी बांधते का? खरी कथा तिथून पुढे आहे.

संपादन_सहायक

सर्वांचे मनापासून आभार. काल लेखकांशी तासभर बोलले. प्रसंग गाळा असे सांगितले नाही. त्या दोन पानांत मुकादम काय करतो, काय बोलतो ते लिहा आणि विहिरीच्या जागी दुसरी पहाट लिहून पाहा, एवढेच सुचवले. ते आधी दुखावले गेले, मग बराच वेळ बोललेच नाहीत, आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, “आईला कळलं असं धरायचं का?” मी हो म्हटले. नवा खर्डा पंधरा दिवसांत येईल.