उलंगवाडी कोणत्या तालुक्यात येते?

काळीकसदार
मंडळी, परवा वडिलांचा मेसेज आला: "आपली उलंगवाडी झाली. सवड भेटली त येऊन जाय." शेजारी बसलेल्या मित्राने तो वाचला. हा गडी मूळ सातारकडचा. त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "ही उलंगवाडी कोणत्या तालुक्यात येते रे? तिथं पण शेत आहे का तुमचं?"

हसून झाल्यावर मी त्याला सांगायला गेलो आणि अडकलो. "कापूस संपला" म्हटलं तर तो म्हणाला, "म्हणजे सुगी झाली." आता सुगी म्हणजे माल घरी येण्याचा आनंद. उलंगवाडीनंतर घरी काहीच येत नाही. "हंगाम संपला" हेही पुरेसं नाही, कारण हंगाम पंचांगाने संपतो आणि उलंगवाडी करावी लागते.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. माझी आजी हा शब्द हसत म्हणायची, जणू लग्नघर आवरून झालं. वडील तोच शब्द उच्चारतात तेव्हा घर बसल्यासारखं वाटतं. शब्द एकच, गाव एकच, वावरही तेच. मग मधे झालं काय? जाणत्यांनी सांगावं.

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)
भाऊ, तुमच्या मित्राले सांगा, उलंगवाडीले तालुका नसते, धुरा असते.

शेवटचा वेचा झाला, बोंडं सरली, आता या पऱ्हाटीतून (कपाशीच्या झाडातून) काही निंघत नाही, असं ठरलं का झाली उलंगवाडी. पण गावाच्या हिशेबात ती तेवढ्यावर पुरी होत नव्हती. त्याच्या आधी कोणाचं ढोर कोणाच्या कपाशीत शिरलं त शिव्या, भांडण, कोंडवाडा. उलंगवाडी झाली का वावर मोकळं. कोणाची बी गाय, कोणाच्या बी बकऱ्या. मेंढ्यावाले येत, दोन राती मेंढ्या बसवत, वावराले खत भेटे. कोणी पुसत नव्हतं.

म्हणून हे एकट्याचं काम नव्हतं. तुमची झाली अन् शेजारच्याची बाकी हाये, त तुम्ही ढोरं सोडून पाहा बरं! चार-पाच धुऱ्यांचं एकमत लागे. अन् यासाठी कोतवालानं कधी दवंडी देल्ली नाही. सकाळी एका वावरात ढोरं दिसली का दुपारपर्यंत शिवारभर खबर.

आजी हसत होती, ते याच्यासाठी. ढोरांमागं पयनं बंद होये ना बाप्पा!

येचणारी (दर्यापूरकडची)
दादा, तुमचं बरोबर आहे, पण ते वावर असणाऱ्याचं बरोबर आहे. माझी आई आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात येचायला गेली. तिच्यासाठी उलंगवाडी म्हणजे उद्यापासून काम नाही.

येचणीचे पैसे किलोवर. दसरा-दिवाळीच्या वेच्याला झाड पांढरंशुभ्र असतं, कमरेला बांधलेली कापसाची ओटी लवकर भरते, हात चालतात आणि गाणीही चालतात. शेवटच्या वेच्याला उरते ती कवडी. अळीने खाल्लेलं, अर्धं उघडलेलं बोंड. त्यातून कापूस ओढून काढताना वाळल्या बोंडाची टोकं नखात घुसतात. दिवसभर तेवढंच वाकायचं आणि संध्याकाळी ओटी अर्धी. मालकीण काट्यावर बघणार आणि म्हणणार, "आज काई नाई निंघालं व माय." तिलाही नाही, आम्हालाही नाही.

पहिल्या वेच्याला सीतादही व्हायची. वावरातच दही-भाताचा नैवेद्य, मग ओटी बांधायची. सुरुवातीला पूजा आहे, शेवटाला मात्र नुसता एक शब्द. आई तो कधी म्हणायची नाही. ती म्हणायची, "सुटलं."

पेपरवाचक
आमच्याकडच्या पेपरात हा शब्द आता निवडणुकीच्या निकालाला जास्त दिसतो. अमक्या पक्षाची उलंगवाडी, तमक्या आघाडीची उलंगवाडी. मुंबईच्या आवृत्तीत हाच मथळा 'धुव्वा' होतो. पण धुव्वा उडवायला समोर कोणी लागतो. उलंगवाडी होते ती आपोआप, आतूनच.

गुरुजी_वर्धा
काळीकसदार, मधे काय झालं विचारलंत. माझ्या मते दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे फरदड. शेवटच्या वेच्यानंतर पऱ्हाटी न उपटता एखादं पाणी द्यायचं आणि पुन्हा बोंडं धरू द्यायची, ही फरदड. म्हणजे उलंगवाडी पुढे ढकलणंच. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ओलिताची सोय असलेल्यांनी कापूस मार्च-एप्रिलपर्यंत उभा ठेवायला सुरुवात केली आणि गावाची एकत्र उलंगवाडी मोडली. ज्याची त्याची वेगळी.

दुसरी म्हणजे गुलाबी बोंडअळी. वावरात वर्षभर कपाशी उभी म्हणजे अळीला वर्षभर घर. बीटीलाही ती सरावली आणि 2017 च्या खरिपात विदर्भभर बोंडं आतून पोखरली गेली. बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडका कापूस. लोकांनी डिसेंबरातच उभ्या पिकात नांगर घातले, ढोरं सोडली. त्यालाही गावाने उलंगवाडीच म्हटलं, दुसरा शब्द होता कुठे? तुमच्या वडिलांच्या आवाजातली उलंगवाडी ही असावी. आजीची वेगळी.

त्यानंतर गावोगाव सभा झाल्या. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली तिला मी होतो. साहेबांनी पत्रक वाचलं: हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा, सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजा. माहिती शंभर टक्के खरी आणि कामाची. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, कामाचा वास येते म्हणता, त मंग मजूर काहून येत नाई?"

सगळा व्हरांडा हसला, साहेब सोडून. 'काम' म्हणजे इथे नर-मादीचं आकर्षण आणि सापळ्यात मादीचा वास ठेवलेला असतो, त्याला भुलून नर पतंग येतो, हे चारचौघांत, बाया बसलेल्या असताना कसं सांगावं हे त्यांना सुचेना. शेवटी म्हातारीच एक बोलली, "बायकोच्या वासानं नवरा येते, अन् फसते. समजलं का आता?" पुढच्या आठवड्यात पिवळे सापळे वावरात दिसले.

त्याच पत्रकात 'डोमकळी' हा शब्द होता. तो कोणालाही समजावून द्यावा लागला नाही. उमलायच्या आधीच मिटून घट्ट झालेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी कपाशीची पाती, म्हणजे फुलाची कळी. ती तोडून फोडली की आत अळी. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत येताना डोमकळ्या मोजत आली. मला वाटतं, शब्द सोपा असला की गोष्ट पसरते आणि अवघड असला की पत्रकातच राहते.

धुऱ्यावरचा
गुरुजी, माफी असावी, पण हे काई पटलं नाही.

'एकाधिकार' सोपा शब्द हाये का? 1972 ले सरकारनं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली, म्हंजे कापूस सरकारलेच विकायचा. माह्या बापाले सही येत नव्हती, अंगठा लावे, पण "यंदा एकाधिकारात टाकला" असं रोज म्हणे. ग्रेडर, कटती, चुकारा, सारं तोंडपाठ. 'चुकारा', म्हंजे विकल्या कापसाचे पैसे, हा शब्द त असा बसला का पोरीच्या लग्नाची तारीख त्याच्यावर ठरे. "चुकारा आला का पाहू." पुण्यामुंबईच्या माणसाले इचारा बरं चुकारा म्हणजे काय. तो म्हणन, चुकवायचं काई असन!

शब्द सोपा-अवघड काई नसते. त्याच्यामागं आपलं काई अडकलं असलं का तो आपोआप येते. कामगंधामागं तवा काई अडकलं नव्हतं, बोंडअळी आली तवा अडकलं.

येचणारी
दादांचं म्हणणं मान्य. पण काही सोपे शब्द घातकही असतात. 'औषध' घ्या.

आमच्याकडे फवारणीला 'औषध मारणं' म्हणतात. तापाची गोळी औषध आणि पंपातलं तेही औषध. डब्यावर चौकोनात रंग असतो, लालवर कवटीही. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे कोणी सांगत नाही, दुकानदारही "हे औषध भारी आहे" एवढंच म्हणतो. औषध म्हटल्यावर माणूस घाबरणार कशाला? त्याच 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. माझ्या भावाने त्या वर्षी उघड्या अंगाने पंप घेतला होता. आई त्याला म्हणाली, "औषधच आहे ना, अंगावर उडालं त काय होते." सुदैवाने दोन दिवसांच्या उलट्यांवर निभावलं.

आणि एखाद्याने ते पिऊन जीव दिला, की गावात "त्यानं औषध घेतलं" असंच म्हणतात. तिथे मात्र शब्दाचा अर्थ सगळ्यांना बरोबर कळतो.

मी आता घरात 'जहर' म्हणते. "आज जहर मारायचं आहे, तोंडाला बांध." सुरुवातीला हसले. आता सासरेही म्हणतात.

मामातलाव (साकोली)
आम्ही धानवाले, पूर्वेकडचे. आमच्याकडे कापूस नाही, त्यामुळे उलंगवाडी ऐकून माहीत, तोंडात नाही. विदर्भ म्हणजे सगळा एकच, असं कोणी समजू नये म्हणून सांगतो.

बाहेरून आलेले पाहुणे विचारतात, "मामा तलाव का? कोणाचा मामा?" मामा कोणाचाच नाही. माजी मालगुजारी तलाव, त्यातलं 'मा' आणि 'मा'. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे) होते. मालगुजारी 1950 च्या दशकात गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदावर लिहायचा कंटाळा म्हणून कारकुनांनी दोन अक्षरं केली, ती गावाने उचलली. आज आमची पोरं ठामपणे सांगतात की कोण्या मामाने भाच्यांसाठी तलाव खोदला. आणखी पन्नास वर्षांनी त्या मामाची कहाणी पण तयार असेल.

सातारकर (तोच तो मित्र)
मित्राने लिंक पाठवली, म्हणून आलो. आधी उलंगवाडीबद्दल जाहीर माफी.

पण एक विचारू का? वर सगळे 'धुरा धुरा' म्हणताहेत. आमच्याकडे शेताच्या कडेला बांध असतो आणि धुरा पुढारी खांद्यावर घेतात.

धुऱ्यावरचा
तेच त! तुमचा बांध तोच आमचा धुरा. आमच्याकडं "पक्षाची धुरा खांद्यावर घेतली" वाचलं का माणूस इचारते, एवढा मोठा धुरा उचलला कसा, अन् शेजाऱ्यानं उचलू देल्ला कसा? धुरा टोकरण्यावरून त कोर्टात पिढ्या जातात.

सातारकर
आणि नागपूरला एकदा हॉटेलात "सांबार टाकू का?" विचारलं. मी म्हटलं टाका, इडली असेल असं वाटलं. पोह्यांवर कोथिंबीर आली. तशीच गोष्ट ढेपेची. मी गूळ समजून बसलो, तर म्हशीपुढे सरकीची पेंड.

येचणारी
सातारकर भाऊ, तुम्ही एकदा उलंगवाडीला याच. ढेप खायला नाही सांगत, पण सांबारवडी नक्की.

रिद्धपूरचा (अमरावती जिल्हा)
चर्चा इतकी पुढे गेली म्हणून आमच्या गावची एक जुनी गोष्ट घालतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाची मंडळी इथे राहत. चक्रधरांनी शिकवण मराठीत दिली होती. त्यांच्यानंतर पंथ नागदेवाचार्यांनी सांभाळला. केशवदेव नावाच्या विद्वान शिष्याला संस्कृतात ग्रंथ करायचा होता. नागदेवाचार्यांनी त्याला थांबवलं: असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. 'नागवल्या' हा शब्द बघा. ते 'त्यांना कळणार नाही' असं म्हणत नाहीत, 'त्या लुटल्या जातील' म्हणतात.

पुढे याच पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या आणि मराठीतले हे ग्रंथ बाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतकं वाचता आले नाहीत. भाषा उघडी, लिपी बंद. गुरुजींच्या पत्रकाचं त्याच्या उलट, लिपी उघडी आणि भाषा बंद.

2024 मध्ये आमच्याकडे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. व्हरांड्यातल्या त्या म्हातारीला पहिलं व्याख्यान द्यायला बोलवावं, असं मला वाटतं.

गुरुजी_वर्धा
बोलावू. पण ती म्हणेल, येण्याजाण्याचा चुकारा आधी.

काळीकसदार
सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. वडील वावरात होते, चिमट्याने पऱ्हाटी उपटत होते. इथली सगळी चर्चा मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवली. आजीच्या आणि त्यांच्या आवाजातला फरक विचारला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुह्या आजीच्या टायमाले उलंगवाडी झाली का शिवारात ढोरं दिसे. आता पाय बरं, हाये का एखादं?"

मी बघितलं. चार-पाच धुऱ्यांपलीकडे एक ट्रॅक्टर रोटाव्हेटर फिरवत होता. बाकी शिवार रिकामं.

"मेंढ्यावाले येत नाहीत का आता?"

"येतात ना. पण फोन करून." मग त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "इकडची एक तास (ओळ) तू काढ. मंग त्या सातारवाल्याले सांग कशी असते त."