मदत हवी आहे: क्लोझापिनआधी मेंदूतली रसायनं मोजणारा स्कॅन करावा का? (इंदूर)

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट मिळतात.

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आधी रिस्पेरिडोन झालं, मग ओलान्झापिन. दोन्ही पूर्ण डोसमध्ये, महिनोन्‌महिने. गोळी आई स्वतःच्या हाताने देते आणि मुद्दाम त्याला बोलतं ठेवते, जिभेखाली दडवली असेल तर लगेच कळतं. तेव्हा "घेतच नसेल" हे कृपया नको. कानात ऐकू येणारे आवाज तरी चालूच आहेत. जेवताना घास हातातच राहतो, भिंतीकडे मान वळते, हळूच "नाही, नाही" म्हणतो आणि परत जेवायला लागतो.

डॉक्टर आता क्लोझापिन (बाकी औषधांनी गुण न आल्यावर देतात ते औषध) म्हणताहेत. दर आठवड्याला रक्त काढायचं, हे ऐकूनच आई धास्तावली आहे. त्यात आमच्या मावसभावाने (त्याला सगळ्यातलं कळतं) सुचवलं की आधी एमआरआयवर रसायनं मोजून घ्या, कुठलं औषध लागू पडेल ते समजेल. एका स्कॅन सेंटरला फोन केला तर "हो जाएगा मॅडम, स्पेक्ट्रोस्कोपी होती है" म्हणत थेट दरच सांगितला. कशासाठी करताय, हे विचारायचीही गरज वाटली नाही!

मी बायोकेमिस्ट्रीवाली, म्हणून थोडं वाचलं. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन. त्याचे डी-२ रिसेप्टर (पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागा) औषधाने साधारण ६५ ते ८० टक्के अडवले गेले की बहुतेकांना गुण येतो. त्यावर गेलं की अंग आखडणं, कंप वगैरे वाढतं. हे पेट स्कॅनमुळे (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढतात तो स्कॅन) कळलं. पण काहींचे रिसेप्टर पुरेसे अडवूनही भास जात नाहीत. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांना अशा रुग्णांमध्ये डोपामिनची निर्मिती निरोगी माणसांइतकीच आढळली. पुढे स्पेक्ट्रोस्कोपीत (म्हणजे एमआरआयवर रसायनं मोजण्यात) मेंदूच्या पुढच्या, मधल्या भागात ग्लुटामेट हे असंच दुसरं रसायन जास्त दिसलं. माझा भाऊ यातलाच असेल का? स्कॅनने ते ठरेल का? आणि क्लोझापिनचा कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १
ताई, पैसे वाचवा. मी मनोविकार विभागात काम केलंय. स्पेक्ट्रोस्कोपीत डोपामिन दिसतच नाही, त्याचं प्रमाण फार कमी असतं. ग्लुटामेट दिसतं, पण तुम्ही वाचलेला फरक गटांच्या सरासरीतला आहे. गुण आलेल्यांचे आणि न आलेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका माणसाचा रिपोर्ट बघून औषध ठरवता येत नाही. ही तपासणी खोटी नाही, मेंदूतल्या गाठींसाठी उपयोगी आहे. तुमच्या प्रश्नाला मात्र ती उत्तर देणार नाही. दुसरं काही कारण आहे का हे पाहायला डॉक्टरांनी साधा एमआरआय सांगितला तर गोष्ट वेगळी.

दोन औषधं नीट देऊन गुण नाही, म्हणजे क्लोझापिनची वेळ झाली. १९८८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत अशाच अवघड रुग्णांपैकी ३० टक्क्यांना क्लोझापिनने गुण आला, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाने ४ टक्क्यांना. रक्ततपासणी पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना, हे पाहायला असते. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग अंतर वाढतं. ताप आला किंवा घसा धरला तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. बद्धकोष्ठतेकडे कुणी लक्ष देत नाही, तुम्ही द्या, ती जिवावर बेतू शकते.

भाऊ विडी-सिगरेट ओढतो का?

प्रतिसाद २
ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्या काकूंना क्लोझापिनने फरक पडला, पण झोप आणि लाळ फार. उशीवर टॉवेल घालावा लागतो. रक्त घ्यायला लॅबवाला घरी येतो, आईंना तेवढं सांगा. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.

धागाकर्ती
दोघांचे आभार, स्कॅन रद्द. विडी ओढतो, भरपूर. त्याचा काय संबंध?

प्रतिसाद १
धुरामुळे यकृत क्लोझापिन भराभर संपवतं. दोष धुराचा, निकोटिनचा नाही, त्यामुळे तंबाखू खाण्याने तसं होत नाही. पण औषध बसल्यावर त्याने विडी एकदम सोडली तर रक्तातली पातळी झपाट्याने चढते. विडी सोडवायची असेल तर जरूर सोडवा, फक्त आधी डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतील.