कर्बोदके सोडल्यावर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढले, तर त्याची चिंता करावी का?

साशंक (धागाकर्ता):
चार महिन्यांपूर्वी मी दिवसाची कर्बोदके ३० ग्रॅमच्या आत आणली. वजन नऊ किलोंनी उतरले, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) १९० वरून ८४ वर आली आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३८ वरून ५२ झाले. मात्र एलडीएल ११८ वरून थेट १९६ वर गेले (सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुचवले आहे. ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल यांचे गुणोत्तर पाचावरून दोनच्या खाली आलेले असताना केवळ एका आकड्यावर बोट ठेवून गोळी सुरू करणे मला घाईचे वाटते.

अणुरेणू:
गुणोत्तर सुधारले हे चांगलेच, पण त्यामुळे एलडीएलचा हिशेब चुकता होत नाही. आपलेच आकडे मांडून पाहा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केल्यास (म्हणजे अंदाजे एलडीएल अधिक ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग) पूर्वी १५६ उरत होते, आता सुमारे २१३ उरते. धमनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या कणांतले कोलेस्टेरॉल म्हणजे हेच, आणि ते वाढले आहे. एचडीएलच्या भरवशावर राहण्याचा धडा तर २००६ मध्येच मिळाला: टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवले, तरीही रुग्णांचे मृत्यू वाढल्याने चाचणी थांबवावी लागली. याउलट, जन्मतः एलडीएल जास्त असलेल्या कुटुंबांत हृदयविकार ऐन तारुण्यात गाठतो.

मध्यममार्गी:
एक गोष्ट सुटते आहे. वजन झपाट्याने उतरत असताना मेदपेशींत साठलेले कोलेस्टेरॉल रक्तात येते, त्यामुळे त्या काळातला अहवाल फसवा असू शकतो. वजन स्थिरावल्यावर तपासणी पुन्हा करावी.

साशंक:
वजन गेले सहा आठवडे स्थिर आहे, त्यामुळे ती पळवाट मला नाही.

अणुरेणू:
मग चरबी कोणती खाता, ते सांगा.

साशंक:
सकाळी कॉफीत दोन चमचे लोणी. उरलेला स्वयंपाक नारळाच्या तेलात.

अणुरेणू:
मग मोठा संशय तिथेच घ्यायला हवा. लोणी आणि नारळाच्या तेलातल्या संपृक्त चरबीमुळे यकृताच्या पेशींवरील एलडीएल-ग्राहक (एलडीएलचे कण रक्तातून उचलणारे रेणू) कमी होतात आणि कण रक्तातच रेंगाळतात. कर्बोदके कमीच ठेवून अक्रोड, मासे आणि ऑलिव्ह तेल यांकडे वळलात, तर एलडीएल बरेच खाली येण्याची शक्यता आहे. सडपातळ लोकांत मात्र या आहारावर ते विशेष उसळते, हेही ध्यानात असू द्या.

साशंक:
लोण्याचा मुद्दा मान्य, आणि तो अहवाल हाती आला तेव्हाच सुचायला हवा होता. आहार सोडणार नाही, चरबी बदलून दोन महिन्यांनी तपासतो. गोळीला माझा विरोध तोवर कायम आहे.

अणुरेणू:
तपासताना अपोबी हे प्रथिनही मोजून घ्या. एलडीएलच्या प्रत्येक कणावर त्याचा एकच रेणू असतो, त्यामुळे कण किती आहेत हे थेट कळते. आणि हा निर्णय डॉक्टरांना आजच कळवा, कारण अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत एलडीएल १९० किंवा अधिक असलेल्या प्रौढांना इतर जोखीम न मोजताच स्टॅटिनची शिफारस आहे.