व्हिनीयरसाठी दात किती तासायचा? माझं मत: इनॅमलच्या खाली जाऊच नये

इनॅमलप्रेमी
लग्न ठरलं की समोरच्या सहा-आठ दातांना व्हिनीयर (दातावर चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा), हे आता सर्रास झालंय, आणि त्याबरोबर एक समज पण पसरलाय की दात जास्त तासला की सिरॅमिक जाड बसतं आणि जाड म्हणजे मजबूत. मी रोज हेच काम करते आणि मला हे साफ चूक वाटतं. पातळ पोर्सेलिन नुसतं हातात धरलं तर बोटाच्या दाबानेही तडकू शकतं, त्याला ताकद येते ती चिकटल्यावर. आतली बाजू हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडने खरखरीत करायची, सिलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रव्य) लावायचं, दाताला फॉस्फोरिक अ‍ॅसिड, मग रेझिन सिमेंटने चिकटवायचं. ही पकड इनॅमलवर (दाताचं वरचं कडक आवरण) वर्षानुवर्षं टिकते, डेंटिनवर (त्याखालचा थर) तितकी भरवशाची नाही. शिवाय डेंटिन इनॅमलपेक्षा बरंच लवचिक, चावताना ते दबलं की वरचं सिरॅमिक तडकणारच ना! हिरडीलगत इनॅमल असतं जेमतेम ०.३ ते ०.५ मिमी, तिथे ०.७ मिमी खोल बर (तासायचं टोक) फिरवला तर उरलं काय?

लॅबवाला
मॅडम, पटत नाही. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकने काळपट पडलेले दात, पेशंटला हवी बी-वन ही एकदम पांढरी शेड आणि आम्हाला सिरॅमिकसाठी जागा देता ०.३ मिमी. खालचा रंग झाकायचा कसा? न तासता बसवलं की दात फुगीर दिसतात, हिरडीपाशी कड राहते, तिथे घाण साठून हिरडी सुजते. आणि आता लिथियम डायसिलिकेट हे मजबूत सिरॅमिक आहे, ताकद ३५०-४०० मेगापास्कल, साध्या फेल्डस्पॅथिक पोर्सेलिनची शंभरच्या आसपास. मग थोडी जागा द्यायला काय हरकत?

इनॅमलप्रेमी
तो आकडा मटेरियलचा झाला हो, डेंटिनवरची पकड सुटली तर ४०० मेगापास्कलचा तुकडा पण अख्खाच्या अख्खा हातात येतो. आधी वॅक्सअप (हव्या त्या आकाराचा मेणाचा नमुना) करा, त्यावरून तोंडात मॉकअप (तात्पुरता नमुना) बसवा आणि त्या मॉकअपवरूनच डेप्थ कटर (ठरावीक खोलीच तासणारा बर) फिरवा. झिजलेल्या दातात जागा आधीच असते, तिथे तासावं लागतंच कमी. काळ्या दातांना आधी ब्लीचिंग करून बघा, टेट्रासायक्लिनला महिनोन्‌महिने लागतात पण रंग बऱ्यापैकी उतरतो.

कोकणकडा
मी पेशंट आहे. माझे दात फक्त थोडे वाकडे होते, ब्रेसेस नकोत म्हणून व्हिनीयर केले, सरळ दिसायला पुढे आलेले दात भरपूर तासले. आता गार पाणी लागलं की कळ जाते, एक तर दोनदा निघालाय. इनॅमल परत येत नाही हे तासायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, मी ब्रेसेस लावले असते.

रात्रपाळी
नुसतं तासण्याला दोष देऊ नका. रात्री दात खाणाऱ्या माणसाला कितीही इनॅमल ठेवून बसवा, नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर) नसेल तर कड उडते. खालचे दात नेमके व्हिनीयरच्या जोडावर आपटत असतील तरी तेच. बाइट (वरचे-खालचे दात कसे जुळतात ते) आधी बघा, मिलिमीटर नंतर.

लॅबवाला
बाइटचं एकदम मान्य. मॅडम, मॉकअपवरून तासलेली केस आली तर ०.५ मध्ये मी करून देतो, तक्रार नाही. पण ब्लीच न केलेल्या काळ्या दाताला ०.३ मागितलं तर तिथे नाहीच म्हणणार, शेड जमली नाही की केस परत माझ्याच टेबलावर येते.