मदत हवी आहे: लिंगभावाच्या पेपरसाठी क्षेत्रभेट
सोलापुरातल्या पदवी वर्गासाठी लिंगभाव आणि लैंगिकतेवर २ क्रेडिटचा, म्हणजे ३० तासांचा पेपर आखतोय. संकल्पनांना ८ तास. कायद्याला ६, त्यात २०१४चा नालसा निकाल (तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क देणारा) आणि २०१८चा कलम ३७७वरचा (प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळणारा). इथवर ठीक. अडतंय उरलेल्या १६ तासांत. विडी वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती ठेवल्यात. पण सासूसमोर सून बोलत नाही, आणि संमतीपत्रावर सही मागितली की कारखान्याचा कागद समजून बिचकते. तोंडी संमती नोंदवायचा साध्या मराठीतला (तेलुगूतला असेल तर उत्तमच) नमुना कुणाकडे आहे का? शिवाय उत्तरपत्रिकेत लिंगभावाच्या (समाजाने घडवलेलं बाईपण-पुरुषपण, जेंडर) जागी 'लिंग'च (शरीराचं, सेक्स) येतं. फरक पक्का करणारा उपक्रम सुचवा. व्याख्या पाठ करून घेणं नको.