पापणीवरील मलमामुळे होणारी आग : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या आईच्या वरच्या पापण्यांवर इसब आहे. स्टिरॉइडचे मलम डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते आणि डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूचा धोका संभवतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी तिला ०.०३ टक्के टॅक्रोलिमस मलम दिले आहे. सुरुवातीचे काही दिवस जळजळ होऊन पुढे ती ओसरते, असे त्यांनी सांगितले होते. परंतु आज पाचवा दिवस असूनही रात्री मलम लावल्यावर तिला अर्धा तास डोळे उघडवत नाहीत, आणि मला ते पाहवत नाही. दृष्टी मात्र स्वच्छ आहे. चेहरा धुतल्यावर त्वचा पूर्ण कोरडी होऊ देणे किंवा मलम पापणीच्या कडेपासून दूर ठेवणे, यांपैकी कशाने आपणांस प्रत्यक्ष आराम पडला? पुढील तपासणी सोमवारी आहे.