शब्दचर्चा : 'छापलेली बंदूक' म्हणावे का?

प्रश्न : थ्री-डी प्रिंटरवर घरीच बंदुका तयार करणाऱ्या हौशी लोकांवरून परदेशात जो वाद झाला, त्यावरचा एक लेख मी तपासतो आहे. लेखकाने एकाच परिच्छेदात 'छापील बंदूक', 'मुद्रित शस्त्र' आणि 'गावठी कट्टा' हे तिन्ही शब्द वापरले आहेत. यांपैकी कोणता ठेवावा?

उत्तर : 'गावठी कट्टा' आधी काढावा, कारण त्या शब्दाबरोबर लोखंडी नळी आणि चोरटा बाजार डोळ्यांसमोर येतो. 'छापील' आपण किमतीला किंवा ठरीव उत्तराला लावतो. आणि 'छाप्यातील बंदूक' असे लिहिले, तर इथला वाचक ती पोलिसांनी छापा टाकून पकडली असेच समजेल.

माझा खरा आक्षेप मात्र 'छापणे' या क्रियापदालाच आहे. टेक्सासमधील कोडी विल्सन यांच्या डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड या संस्थेने २०१३ साली 'लिबरेटर' या एकबारी प्लॅस्टिक पिस्तुलाचे आराखडे इंटरनेटवर ठेवले, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ते काढायला लावले, आणि २०१५ मध्ये संस्था न्यायालयात गेली ती आराखडे प्रसिद्ध करणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असे म्हणत. म्हणजे मजकूर कुठे संपतो आणि शस्त्र कुठे सुरू होते, हाच तंटा आहे. अशा वेळी 'बंदूक छापली' असे लिहिणे म्हणजे नकळत एका पक्षाचे म्हणणे उचलून धरणे होय. जपानमध्ये २०१४ साली एकाला अशा पिस्तुलांबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, ती शस्त्रे बनवल्याबद्दल. आपल्याकडेही शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक तयार करता येत नाही, मग ती भट्टीतून निघो वा प्रिंटरमधून.

उद्यमनगरात ओतकामासाठी थ्री-डी प्रिंटरवर केलेला एक पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, मी हातात घेतला होता. नख फिरवले की प्रिंटरने एकावर एक चढवलेल्या थरांच्या बारीक रेघा लागत होत्या आणि कारागीर पॉलिश पेपरने त्या घासत होता. "प्रिंट काढला" एवढे तो यंत्राच्या कामाला म्हणाला. घासून, जोडून झाल्यावर "पॅटर्न बनवला" म्हणाला. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. भाग छापले जातात, वस्तू बनवली जाते.

प्रश्न : मग 'गावठी बनावटीचे पिस्तूल' या पोलिसी धर्तीवर 'घरगुती बनावटीची बंदूक' चालेल का?

उत्तर : व्याकरणाने चालेल, पण मी लिहिणार नाही. 'घरगुती' म्हटले की लोणची-पापड आठवतात आणि शस्त्राची धार बोथट होते. शिवाय मथळ्यात जागा वाचवताना कोणी 'बनावट बंदूक' केले, तर खरी बंदूक खोटी ठरेल. 'मुद्रित शस्त्र' दुर्बोध आहे. लेखात पहिल्यांदा 'थ्री-डी प्रिंटरवर छापलेल्या भागांपासून घरी बनवलेली बंदूक' असे पूर्ण लिहावे, आणि पुढे नुसते 'घरी बनवलेली बंदूक'.